बेनाजीच्या चोवीस पट्ट्या

फिकं मले पाहवत नाही. रोगच आहे म्हणा ना. कोणाच्या घरी गेलो अन् भिंतीवर त्याच्या मेलेल्या बापाचा उडालेला फोटो दिसला, का माझे हात शिवशिवतात. पुढ्यातला चहा निवून जाते, पण मी म्हणतो, "आणा तो इकडे. दोन दिवसांत बाप उभा करून देतो." छप्पनमध्ये दीक्षा घेतली, त्याच वर्षी दुकान टाकलं, गजघाटे आर्ट्स. टॉकीजचे बोर्ड, निवडणुकीचे बॅनर, जयंतीच्या तसबिरी, अन् लोकांच्या मायबापाचे फोटो मोठे करून रंगवणं. दुकानाचा कायदा एकच, फिकं काही बाहेर जाऊ द्यायचं नाही.

अन् याच देवराव गजघाटेनं एका माणसाची माय पुसून टाकली. एकदा प्रेमापोटी पुसली अन् एकदा या कायद्यापायी. लोक म्हणतात, "सोडा ना जी देवरावजी, झालं ते झालं." काय झालं ते झालं? तुमच्या मायचं झालं असतं तं म्हटलं असतं का असं? बसा गुपचूप, सांगतो.

त्या माणसाचं नाव क्वाबेना आसारे. आफ्रिकेच्या पश्चिमेकडे समुद्राच्या काठी घाना म्हणून देश आहे, तिथला. त्यांच्यात जन्माच्या वारावरून नाव पडते. हा मंगळवारी झाला म्हणून क्वाबेना. "म्हणजे आमचा मंगळूच की गा तू," माझा जोडीदार कवडू त्याले म्हणे. पण आमच्या जिभेवर बसलं ते बेनाजी. चौसष्ट साली स्कॉलरशिपवर शेतकीचं शिकायले नागपुरात आला. दोन वर्षांनी तिकडे त्याच्या देशात सरकार उलटलं अन् इकडे पैसे येणं बंद झालं. कॉलेज सुटलं, वसतिगृह सुटलं. दिल्लीले पत्रं लिहून लिहून थकला. जायले तिकीट नाही, राहायले छप्पर नाही. सदुसष्टच्या उन्हाळ्यात माझ्या दुकानासमोर येऊन उभा राहिला. काखेत कागदांची गुंडाळी अन् पायात दोन जातीच्या दोन चपला.

मी काय म्हटलं असेल? लाज वाटते, पण सांगतो. कवडूले म्हटलं, "आता हबशी कामावर ठेवायचाच बाकी राहिला होता बावा." मले वाटलं याले मराठी काय समजते. तेवढा शब्द त्याले चांगला समजत होता, रस्त्यानं रोज ऐकून राहिला होता तो. त्यानं गुंडाळी उघडली अन् फरशीवर पसरली. त्याच्या गावचा बाजार होता. डोक्यावर टोपले घेतलेल्या पन्नासेक बाया, पाठीले बांधलेली लेकरं, केळीचे घड, सुकत घातलेले मासे. अन् एकीचं तोंड दुसरीसारखं नाही. अकरा वर्षं मी चेहरे काढून राहिलो होतो. ते चित्र पाहून मले घाम फुटला, अन् मी त्याले म्हटलं, उद्यापासून ये.

समोरच्या टपरीवाल्यानं त्याच्यासाठी कान तुटलेला एक कप वेगळा ठेवला, बाहेर, खिडकीच्या गजाले लटकवून. त्या कपाची ओळख होती मले. माझ्या बापानं जिंदगीभर त्यातच चहा पेला होता. मी तो कप काढला अन् रस्त्यावर आपटला, अन् टपरीवाल्याले अशी शिवी हासडली का तिचा अर्थ बेनाजी मले आठवडाभर विचारत होता. त्या दिवसापासून आम्ही दोघं एका कपबशीचे. म्हणून तं जास्त जळते. दुश्मनानं केलं असतं तं मी त्याच्या घरी जाऊन काठी घातली असती. आता कोणाले घालू?

दुकानात आभाळ, गर्दी, आग, साड्या हे बेनाजीचं काम. चेहरे माझे. आमचं भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून. तो दूरचे डोंगर फिके ठेवे. म्हणे, "देवरावजी, दूरचं फिकं असते. फिकं राहू द्या." तो जेवायले गेला का मी गुपचूप ब्रश घेऊन डोंगर गडद करून टाकत होतो. परत आल्यावर डोंगराकडे पाहे, माझ्याकडे पाहे अन् नुसती मान हलवे.

एकदा डबा खाता खाता बोर्डाकडे पाहून म्हणे, "तुमच्या सगळ्या बायांचे डोळे एकच आहेत."

"असतीन. माझ्या मायचे आहेत."

खोटं नाही सांगत. माझी माय जिजाबाई. बिड्या वळून तिनं मले वाढवलं, एकोणसाठमध्ये गेली. बाईचा डोळा काढायचा म्हटलं का माझा हात तिच्याच डोळ्यावर जाते. मंग हिरोइन असो का कोणाची मेलेली आजी. कवडू चिडवे, "वा! जिजाबाई झाडाभोवती नाचून राहिली, पाहा." आम्ही तिघंही पोट धरून हसलो होतो त्या दिवशी. हसायची गोष्ट होती तवा.

एकाहत्तरमध्ये मीच त्याच्या मागं लागलो का तुझी चित्रं लोकाले दाखव. एका शाळेचा हॉल मिळाला. तीस चित्रं लावली. ढोल वाजवणारे, सोनार, कोकोच्या बिया वाळवणाऱ्या बाया, राजाच्या डोक्यावर धरलेली मोठी छत्री, कंदांच्या सणाची मिरवणूक. एक कोट घातलेले साहेब आले, सगळीकडे फिरले अन् म्हणे, "आफ्रिकेची चित्रं अन् एक वाघ नाही, सिंह नाही?" त्यांच्या मागून आलेल्या बाईनं विचारलं, "हे लोक एवढे कपडे घालतात?" बेनाजीनं दोघायले हात जोडले. तीसातलं एकही चित्र विकलं गेलं नाही. चित्रं सायकल रिक्षात घालून परत आणली, त्याच्या खोलीत ओलीनं सडली. त्यानं मंग कोणाले काही दाखवलं नाही. मले सुद्धा नाही, अन् मीही कधी "दाखव" म्हटलं नाही. मले काम होतं ना! निवडणुका होत्या!

चौऱ्याहत्तरमध्ये त्याच्या बहिणीचं पत्र आलं, चार महिने फिरून फिरून. माय गेली होती. तिची माती होऊन, लोक जेवून, सगळं आटपून चार महिने झाले होते, अन् हा इकडे रोज बोर्डावर आभाळ रंगवून राहिला होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला अन् मले जे येते तेच बोललो. "फोटो दे गा तिचा. असा मोठा करून देतो का समोर बसली आहे असं वाटल."

"फोटो नाही," तो म्हणे. "गावात फोटोवाला एकदाच आला होता. त्या दिवशी माय बाजारात होती."

त्यानंतर त्यानं त्या पट्ट्या सुरू केल्या. बॅनर कापल्यावर कापडाचे जे काठ उरतात, चार बोटं रुंद अन् सात-आठ हात लांब, ते जमा करे. दुपारी आम्ही लवंडलो का मागच्या पडवीत बसून एका पट्टीवर बारीक ब्रशानं काही काही काढे. पट्टी वाळली का गुंडाळून लोखंडी पेटीत. एकेक पट्टीले तीन तीन, चार चार महिने. मी एकदा डोकावलो तं लाल रंग दिसला, काळा दिसला, कोणाचं तरी कोपर दिसलं, अर्धं मडकं दिसलं. विचारलं, "हे काय?" तं म्हणे, "माझा बाप मागावर अशाच अरुंद पट्ट्या विणे. चोवीस पट्ट्या झाल्या का शिवून त्याचं एक कापड होते. तवा दिसते, काय विणलं ते."

"अच्छा," मी म्हटलं, अन् बिडी पेटवली. बस. एवढंच. सगळं सांगून दिलं होतं हो त्यानं मले! माझ्या या दोन कानांनी ऐकलं. पण माझ्या डोस्क्यात काय बसलं? का बेनाजी फुरसतीत साडीचे काठ काढते. रंगीत काठ. सात वर्षं मी तेच समजत राहिलो.

एक्याऐंशीच्या एप्रिलात त्याले कावीळ झाली. डोळे हळदीसारखे. धंतोलीत एका दवाखान्यात भरती केला. जायच्या दिवशी त्यानं पेटी अन् किल्ली माझ्या घरी आणून ठेवली. माझ्या बायकोले, प्रेमिलाले म्हणे, "खोलीत ओल आहे वहिनी. ही तुमच्याकडे राहू द्या. आता एकच राहिली आहे." प्रेमिलानं पेटी पलंगाखाली सरकवली. एकच काय राहिली, हे तिनं विचारलं नाही अन् मी तं विचारणाराच नव्हतो.

मे महिन्यात आमच्या शामलाचं लग्न. शामला म्हणजे आमची एकुलती एक पोरगी. बेनाजी आला तवा सहा वर्षांची होती. त्यानंच तिले ब्रश धरायले शिकवलं, त्याच्याच खांद्यावर बसून तिनं दीक्षाभूमीवरची गर्दी पाहिली. बेनाकाका म्हटल्याशिवाय तिचा घास उतरत नव्हता. लग्न ठरलं हुडकेश्वरले, प्रेमिलाच्या भावाच्या, धोंडबाच्या वाडीत. तवा तिकडे सगळी वावरंच होती. आमच्या बौद्धांच्या लग्नात पांढरं सगळं. नवरीची साडी पांढरी, नवरदेव पांढऱ्यात, अन् मंडपवाल्यानं मंडपही नुसता पांढराफेक ठोकून दिला.

आदल्या दिवशी प्रेमिला कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हणे, "दवाखान्यासारखं दिसून राहिलं. काही रंग नाही, काही नाही." मंग थोड्या वेळानं म्हणे, "अहो, बेनाभौच्या पेटीतल्या त्या पट्ट्या आणू का? ते बिचारे तिकडे पडले. पोरीच्या मंडपाले त्यांचा हात तं लागल."

मी म्हटलं, "विचारून काय राहिली वं? त्याच्याच पोरीचं लग्न आहे. आण."

शपथेवर सांगतो, माझे डोळे भरून आले होते तवा. मले वाटलं, केवढं मोठं काम करून राहिलो आपण. धोंडबाच्या गड्यांनी पट्ट्या सोडल्या. जिथं लांब झाल्या तिथं इळ्यानं कापल्या. बांबूंभोवती गुंडाळल्या, खिळे ठोकून झालरी केल्या, दोन-तीन घेऊन भोंगा झाडाले बांधला. लाल, काळा, सोनेरी रंग असा उठून आला का पाहुणे म्हणून राहिले, "वा देवरावजी, पेंटरच्या घरचं लग्न दिसते."

लग्नाच्या दिवशी सकाळी बेनाजी दवाखान्यातून रिक्षानं आला. डॉक्टर सोडत नव्हते, भांडून आला. पांढरा नवा सदरा घातला होता, त्यात त्याची मान काडीसारखी दिसे. फाटकापाशी उतरला अन् तिथंच थांबला. बांबूवर हात ठेवला. मी दुरूनच ओरडलो, "काय बेनाजी, कसं दिसते?"

तो बांबूवरच्या पट्टीवरून अंगठा फिरवत राहिला. मले वाटलं, आजारातून उठला, धाप लागली असल.

"सुंदर," तो म्हणे.

आत येऊन बसला. वंदनेले सगळ्यांसोबत हात जोडून उठला. शामलाच्या डोक्यावर हात ठेवला. पंगतीत बसून दोन घास वरणभात खाल्ला. मी वाढायले गेलो तं मले म्हणे, "बस, देवरावजी." तेवढंच. मी, माणसांचे चेहरे काढून पोट भरणारा, मले त्याच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. आंधळा झालो होतो मी आनंदानं.

दुसऱ्या दिवशी मंडप उतरला. मी उशिरा पोचलो तं बेनाजी वाडीत वाकून वाकून फिरून राहिला होता. बांबूचे खिळे नखानं काढे, पट्टी सोडवे, झटके, गुंडाळे. एक पट्टी गड्यानं बैलाच्या जुवाले बांधली होती, ती सोडून घेतली. एकीनं कोणी लेकराचं नाक पुसून फेकली होती. काही मंडपवाल्याच्या बंडीसोबत निघून गेल्या होत्या. मी म्हटलं, "राहू दे ना गा, कायले उन्हात मरून राहिला? दुकानात चिंध्या काय कमी आहेत?"

चिंध्या म्हटलं मी.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तं बरं झालं असतं. आम्ही दोघं पट्ट्या घेऊन दुकानात आलो. मागच्या पडवीत त्यानं त्या एकाखाली एक लावल्या. तेवीस होत्या, सोळा सापडल्या, त्यातही कापलेल्या तुकड्यांचे जोड लावावे लागले. हरवलेल्यांची जागा त्यानं रिकामी सोडली. अन् मी उभ्या उभ्या पाहत राहिलो. एक मोठं अंगण होतं. मातीच्या भिंती, कोपऱ्यात मागावर बसलेला म्हातारा बाप, ढोल, कोंबड्या, एका बाईचं उखळ. अन् चारही बाजूंनी माणसं, शंभर एक माणसं, लाल अन् काळे कपडे नेसलेली, सगळी मधात पाहून राहिलेली. मधात एक ठेंगणं लाकडी आसन होतं, अन् त्यावर कोणाचे तरी दोन गुडघे अन् गुडघ्यावर हात. गुडघ्याच्या वर फरशी. माझ्या दुकानाची फुटकी फरशी.

"हे काय आहे, बेनाजी?" सात वर्षांनी विचारलं मी.

"माझ्या मायची मौत. मले जाता आलं नाही ना. आमच्याकडे मौतीले लाल-काळं नेसतात."

 पोरीच्या लग्नात आम्ही कोणाच्या मौतीचे कपडे बांधले होते. तो म्हणे, "म्हणून काल बोललो नाही. कोणी नवरीले काही म्हटलं असतं. शामलाले हे कधीच सांगजा नका. शपथ घ्या." मी शपथ घेतली. प्रेमिलानं घेतली, पदर तोंडात कोंबून रडत रडत घेतली.

मंग मी पुन्हा तेच बोललो. दुसरं काय येते मले? म्हटलं, "सांग गा तू, कशी होती ते सांग. नाक कसं, कपाळ कसं. मी काढून देतो. मधातल्याच पट्टीवर होती ना ती?"

"बाराव्या पट्टीवर. पूर्ण चेहरा एकाच पट्टीत घेतला होता. शिवण तिच्या तोंडावरून जाऊ नये म्हणून." तो भिंतीले टेकून बसला. "आता नाही सांगता येत, देवरावजी. चेहरा धूसर होऊन राहिला होता, म्हणून तं घाई करून काढला. एकदा काढला अन् मंग आठवणं सोडून दिलं. म्हटलं, आता ती पेटीत आहे. कुठं जाते?"

हे मी आजही झोपेत ऐकतो. पेटीत आहे, कुठं जाते. माझ्या पलंगाखाली होती ती, हो! सव्वा महिना!

हुडकेश्वरचं एकेक घर पालथं घातलं मी. मंडपवाल्याच्या गोदामात बांबू मोजावे तसे कपडे मोजले. धोंडबाच्या कॉलरले धरलं, त्याचा बिचाऱ्याचा काही गुन्हा नसताना. बारावी पट्टी कुठंच नाही. बेनाजी कामावर येत राहिला, आभाळ रंगवत राहिला. चोविसावी पट्टी त्यानं केली नाही. दुपारी आमच्यासोबत लवंडायले लागला. झोपत नव्हता, नुसता पत्र्याकडे पाहत पडून राहे.

वर्ष गेलं. शामला हिंगण्याले सासरी, जावई तिथं कारखान्यात पाळीवर. तिले मुलगी झाली. नामकरणाले गेलो. पाळण्यात नात झोपली होती, तिच्या आंगावर शामलानं शिवलेली छोटी गोधडी. गोधडीच्या मधोमध उभी एक पट्टी होती, चार बोटं रुंद.

मी वाकून पट्टीवर बोट ठेवलं. शामला कौतुकानं म्हणे, "बाबा, ही लग्नाच्या मंडपातली. मले त्यातली ही एकच लय आवडली होती, एका बाईचं तोंड होतं तिच्यावर, म्हणून मीच काढून ठेवली होती. बेनाकाकाची आठवण. धुऊन धुऊन उडालं बाप्पा सगळं. सोड्यात टाकावं लागते ना, लेकराचं."

पोरीले दोष देऊ? तिले सांगितलं असतं तं दुसऱ्याच दिवशी तिनं पट्टी आणून दिली असती. पण आम्ही शपथ घेतली होती. आम्ही लय इमानदार माणसं!

काहीतरी बहाणा करून गोधडी मागून घेतली. घरी येऊन प्रेमिलानं टाके उसवले. पट्टी उन्हात धरली मी. होती, हो. होती ती! कपाळाची रेघ होती, गालाची सावली होती, एका कानात बारीक बाळी होती, अन् डोळे असतात तिथं दोन डाग, काचेवर फुंकर मारल्यावर दिसते तेवढे. प्रेमिला म्हणे, "आताच्या आता जा. असंच नेऊन द्या."

तिचं ऐकायचं होतं. बाई चौथी शिकलेली, पण तिले समजलं. मले नाही समजलं. मी म्हटलं, "असं फिकं, धुतलेलं तोंड त्याच्या हातात देऊ? त्यानं मायले वर्षभरानं पाहावं अन् ती अशी दिसावी?" दुकानाचा कायदा होता ना माझ्या. दोन दुपारी घरी बसलो. झिरो नंबरचा ब्रश घेतला, ऑइल पेंट घेतला. जिथं रेघ होती तिथं रेघेवरूनच गेलो, केसभर इकडेतिकडे झालो नाही. रंग अगदी तिचा काळा-तांबूस मिळवला. बाळीले सोनेरी टिपका दिला. डोळे शेवटी. डोळे उघडले तसं ते तोंड एकदम जिवंत झालं. मी एकटाच हसलो. म्हटलं, देवराव, जिंदगीत एक काम चांगलं केलं तू.

बेनाजी दुकानात आभाळाचा निळा घोटून राहिला होता. मी पट्टी पुढे केली. त्यानं हात पुसले, पायजम्याले पुसले, पुन्हा फडक्यानं पुसले. बाकावर बसला अन् पट्टी मांडीवर घेतली. कवडूनं रेडिओ बंद केला. मी त्याच्या तोंडाकडे पाहून राहिलो, आता हा रडल, आता हा मले मिठी मारल.

त्यानं मान वर केली. आवाजात राग नव्हता.

"देवरावजी," तो म्हणे, "ही तं तुमची माय आहे."

मी वाकून पाहिलं. रंग तिचा होता, बाळी तिची होती. पण डोळे जिजाबाईचे होते. पापणी खाली उतरलेली, उजवा डोळा जरासा बारीक, बिड्यांच्या धुळीनं आलेली ती चुणी. बोर्डावर मी हजार वेळा काढलेले तेच. कवडूनंही पाहिलं अन् तो बाहेर निघून गेला. मी म्हटलं, "टर्पेंटाईननं वरचा रंग..." अन् थांबलो. वरचा रंग निघाला असता तं खालचा त्याच्या आधी निघाला असता. हे त्यालेही माहीत होतं.

"खाली होती का ती?" त्यानं विचारलं. "तुम्ही पाहिली?"

"हाव," मी म्हटलं. "पाहिली."

तो बाकावर माझ्याकडे सरकला. लहान लेकरू गोष्ट ऐकायले सरकते तसा सरकला, अन् माझा हात धरला.

"मंग तुम्ही तरी सांगा. कशी होती?"

मी डोळे मिटले. कपाळ आठवायले गेलो तं जिजाबाई आली. गाल आठवायले गेलो तं जिजाबाई. तो हात धरून वाट पाहून राहिला होता, अन् काहीतरी सांगणं भाग होतं.

"फिकी होती," मी म्हटलं.